संस्थेच्या वेबसाइटवरचे व्हिडिओ: कुठे ठेवायचे, कुठे ठेवू नयेत

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत स्त्रीशक्ती संघ, बालवाड्या आणि आरोग्य शिबिरांचं काम करणाऱ्या एका संस्थेकडे साठेक व्हिडिओ आहेत. वेबसाइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइटांत वाटलेला). सात-आठ व्हिडिओ थेट तिथेच चढवले आणि साइट रखडायला लागली. यूट्यूबवर टाकावेत तर व्हिडिओ संपल्यावर भलतंच काहीतरी दिसतं, अशी विश्वस्तांची तक्रार. मग पैसे भरून सोय घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?

यूट्यूब की व्हिमिओ (व्हिडिओ ठेवायची दुसरी एक सेवा) हा वाद आताच नको. आधी साठही व्हिडिओंची एक एक्सेल यादी करा आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: हा कोणी बघायचा आहे, आणि कोणी बघता कामा नये. बहुतेक संस्थांकडे यातून तीन ढीग पडतात. पहिला, जगाला दाखवायचे: कामाची ओळख, देणगीचं आवाहन, कार्यक्रमांची झलक. दुसरा, कार्यकर्त्यांसाठी आणि संघांतल्या बायकांसाठी प्रशिक्षणाचे. तिसरा, ज्यात कुणाची ओळख उघडी पडली तर तिला त्रास होईल असे. या तिन्हींना एकच जागा शोधत बसलात तर प्रश्न सुटणार नाही, कारण तिघांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत.

स्वतःच्या होस्टिंगवर का ठेवू नयेत, याचा हिशेब एकदा कागदावर मांडा, म्हणजे विश्वस्तांनाही पटेल. मोबाइलवर १०८०पी (फुल एचडी) मध्ये काढलेला व्हिडिओ एच-२६४ या नेहमीच्या प्रकारात मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो. आठ मिनिटांची फिल्म म्हणजे एक जीबीच्या वर. ती नीट दाबून ७२०पी ला आणली, सेकंदाला दीड मेगाबिट चित्र आणि १२८ किलोबिट आवाज ठेवला, तर मिनिटाला १२ एमबी, म्हणजे पूर्ण फिल्म १०० एमबीच्या आतबाहेर. ५०० जणांनी शेवटपर्यंत पाहिली की ५० जीबी डेटा गेला. वीस जणांनी एकाच वेळी लावली तर सर्व्हरला सेकंदाला ३२ मेगाबिट सतत पुरवावे लागतात, आणि त्याच सर्व्हरवर इतर शेकडो साइट असतात. होस्टिंगच्या जाहिरातीतल्या ‘अनलिमिटेड’ शब्दावर जाऊ नका. ती खानावळीतली अनलिमिटेड राइस प्लेट आहे. तिसऱ्यांदा भात मागितला की वाढपी दिसेनासा होतो.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती लवकर ध्यानात येत नाही. वर्डप्रेसचा बॅकअप घेणारं प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) अपलोड फोल्डरसकट सगळं गुंडाळतं. त्यात आठ व्हिडिओ आले की बॅकअपचं काम मध्येच वेळ संपून बंद पडतं. साइट हॅक झाल्यावर किंवा अपडेटमध्ये मोडल्यावर कळतं की गेल्या सहा महिन्यांत एकही बॅकअप पूर्ण झालेला नाही. शिवाय स्वतः ठेवलेली एमपी-४ फाइल एकाच दर्जाची असते. यूट्यूबसारख्या सेवा एकाच व्हिडिओच्या चार-सहा आवृत्त्या करून ठेवतात आणि बघणाऱ्याची रेंज पाहून मधल्या मध्ये बदलतात. बेळगाव शहरात टिळकवाडीत फायबरवर बसलेल्याला फरक जाणवत नाही, पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत पावसाळ्यात एका काडीच्या रेंजवर ७२०पी ची फाइल चक्र फिरवत बसते.

एक-दोन मिनिटांची छोटी क्लिप तरीही स्वतःकडेच ठेवायची असेल तर ठेवा, पण हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून काढून. एक्स-२६४ एन्कोडर, ७२०पी, दर्जाचा आकडा आरएफ २२, आवाज एएसी १२८. फ्रेम रेट ‘कॉन्स्टंट’ करा. मोबाइल व्हेरिएबल फ्रेम रेटने चित्रण करतो आणि तो तसाच राहिला तर बोलणं ओठांच्या मागे पडत जातं. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ची खूण करायला विसरू नका. एमपी-४ फाइलची अंतर्गत सूची बहुधा शेवटी लिहिलेली असते. ही खूण ती पुढे आणते. सूची मागे राहिली तर ब्राउझरला आधी ती शोधत शेपटापर्यंत जावं लागतं आणि काही सर्व्हरवर पूर्ण फाइल उतरल्याशिवाय चित्रच सुरू होत नाही. नव्या फोनमध्ये एचईव्हीसी हा प्रकार चालू असतो, ती फाइल बऱ्याच ब्राउझरांत नुसता आवाज देते किंवा तेही नाही. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. देवनागरी नाव दिलं की लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची रांग लागते आणि व्हॉट्सअॅपवर ती अर्ध्यात तुटते.

हे दाबणं फक्त स्वतःच्या सर्व्हरसाठी आणि व्हॉट्सअॅपसाठी. यूट्यूबवर चढवताना मूळ, चांगल्या दर्जाचीच फाइल द्या. यूट्यूब ती पुन्हा आपल्या पद्धतीने दाबतं. आधीच दाबलेली दिली की दोनदा पिळलेल्या उसासारखी गत होते.

पहिल्या ढिगासाठी माझं स्पष्ट मत यूट्यूबच्या बाजूने आहे. बघणारे तिथे आधीच आहेत, शोधात सापडतं, साठवणुकीचा खर्च नाही आणि स्वस्तातल्या अँड्रॉइडवरही चालतं. ‘भलतंच दिसतं’ ही तक्रार खरी आहे, पण निम्मी आपल्या हातात आहे. पूर्वी एम्बेडच्या, म्हणजे व्हिडिओ आपल्या पानावर जोडायच्या, लिंकला ‘रेल’ शून्य (rel=0) करून शेवटी येणारे व्हिडिओ बंद करता येत. सप्टेंबर २०१८ पासून तसं होत नाही. शून्य केलं तर शेवटी त्याच चॅनलचे व्हिडिओ दिसतात. म्हणजे चॅनलवर स्वतःचे पंधरा-वीस बरे व्हिडिओ असले की शेवटी आपलंच काम दिसतं. शून्य न करता सोडलं तर मात्र यूट्यूब मनाला येईल ते लावतं. जाहिरातींचं तसं नाही. कमाई सुरू न केलेल्या चॅनलवरही जाहिराती दाखवण्याचा हक्क यूट्यूबने २०२० च्या अखेरीस आपल्या नियमांत घालून घेतला. देणगीच्या आवाहनाआधी एखाद्या गेमची जाहिरात आलेली विश्वस्तांना अजिबात चालणार नसेल, तर मुख्य पानावरचा तो एकच व्हिडिओ पैसे भरून दुसरीकडे ठेवा. साठच्या साठ हलवायची गरज नाही.

चॅनल उघडल्यावर लगेच फोन नंबरने पडताळणी करून घ्या. त्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही आणि स्वतःचं मुखचित्रही (थंबनेल) लावता येत नाही. पडताळणी झाली की मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी, यातलं जे कमी ते. चढवताना लाइट गेली तर घाबरू नका. २४ तासांच्या आत तीच फाइल पुन्हा निवडली की अपलोड थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

चॅनल कुणाच्या नावाने आहे ही बाब मात्र अजिबात ढिली सोडू नका. नेहमीचा प्रकार असा: एखादा उत्साही कॉलेजचा पोरगा आपल्या जीमेलवर चॅनल काढून देतो, दोन वर्षांनी नोकरीला पुण्याला जातो, फोन नंबर बदलतो आणि ओटीपी कुठे जातो ते कुणालाच माहीत नसतं. चॅनल संस्थेच्या ईमेलवर, ब्रँड अकाउंट (अनेक मालक ठेवता येतात असं खातं) म्हणून काढा. किमान दोन मालक ठेवा, बाकीच्यांना मॅनेजर किंवा एडिटर करा आणि पासवर्ड कुणालाच वाटू नका. मुख्य मालक बदलायचा असेल तर नवा माणूस आधी ७ दिवस मालक म्हणून असावा लागतो. म्हणून राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी हे काम काढू नये.

वर्डप्रेसमध्ये यूट्यूब जोडताना एका पानावर बारा व्हिडिओ ओळीने लावायची सवय मोडा. प्ले दाबण्याआधीच प्रत्येक चौकट आपला बोजा घेऊन येते; एकट्या व्हिडिओलाही अर्धा एमबीच्या वर स्क्रिप्ट उतरते. त्याऐवजी फक्त मुखचित्र दाखवून बोट लावल्यावरच खरा प्लेअर उघडणारं प्लगइन घाला. डब्ल्यूपी यूट्यूब लाइट हे फुकट आहे, डब्ल्यूपी रॉकेट वापरत असाल तर त्यात ही सोय आधीच आहे. साइटवर व्हिडिओच्या जागी ‘एरर १५३’ दिसायला लागला तर यूट्यूबला दोष देण्याआधी सुरक्षेचं प्लगइन तपासा. आपण कुठल्या साइटवरून आलो हे ब्राउझरने सांगितलेलं यूट्यूबला हवं असतं, आणि काही प्लगइन ‘रेफरर पॉलिसी’ अगदी कडक करून ती माहिती अडवतात. ती ‘स्ट्रिक्ट ओरिजिन व्हेन क्रॉस ओरिजिन’वर आणली की व्हिडिओ परत दिसतो.

स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, गणपती या व्हिडिओंत मागे सिनेमाचं गाणं असतंच. यूट्यूबचं यंत्र ते ओळखतं आणि दावा लावतं. दावा म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर पडणारी ताकीद) नव्हे: बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, कधी एखाद्या देशात दिसत नाही. पण मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवला तर स्ट्राइक पडतो, आणि ९० दिवसांत तीन पडले की पूर्ण चॅनल जातो. संस्थेची सगळी चित्रं एका चॅनलवर असताना नाचाच्या एका गाण्यासाठी हा धोका घेऊ नये. मूळ आवाज काढून यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घाला, किंवा तो कार्यक्रम पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपुरताच ठेवा.

बालवाडीच्या व्हिडिओंना ‘मुलांसाठी बनवलेला’ अशी खूण करायची का? व्हिडिओत मुलं आहेत म्हणून नाही, मुलांनी बघायचा असेल तर. देणगीदारांना दाखवायची बालवाडीची फिल्म मोठ्यांसाठी आहे. चुकीची खूण केली तर प्रतिक्रिया, शेवटच्या पाट्या, मधली कार्डं सगळं बंद होतं. उलट बडबडगीतांचा व्हिडिओ असेल तर खूण केलीच पाहिजे. २०२० पासून ती सांगणं बंधनकारक आहे.

दुसऱ्या ढिगात, म्हणजे प्रशिक्षणाच्या व्हिडिओंत, बरेच जण ‘अनलिस्टेड’ वर भरवसा ठेवतात. ज्याच्याकडे लिंक आहे तो बघू शकतो आणि ती लिंक पुढे कुणालाही पाठवू शकतो, इतकंच अनलिस्टेडमध्ये होतं. प्रशिक्षणासाठी ते चालतं. ‘प्रायव्हेट’ केलेला व्हिडिओ मात्र साइटवर जोडताच येत नाही. आणखी एक ध्यानात ठेवा: जुलै २०२१ मध्ये यूट्यूबने २०१७ आधीचे, मालकांनी मुद्दाम सूट न मागितलेले अनलिस्टेड व्हिडिओ प्रायव्हेट केले आणि कितीतरी साइटवर रात्रीतून काळे चौकोन उरले. दुसऱ्याच्या घरातली सोय आहे, नियम त्याचे.

खरं तर या ढिगाचं घोडं होस्टिंगवर नाही, रेंजवर अडतं. जांबोटीच्या पुढे, भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांत बैठकीत व्हिडिओ ‘लावू’ म्हणून जाल तर तोंडघशी पडाल. तिथे फाइलच हातात हवी. ४८०पी, सेकंदाला ७०० किलोबिट चित्र आणि ९६ किलोबिट आवाज ठेवला तर मिनिटाला ६ एमबी. पाच मिनिटांचा धडा ३० एमबीत बसतो. तो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप पुन्हा दाबतं आणि फलकावरची अक्षरं वाचता येत नाहीत. डॉक्युमेंटची मर्यादा २ जीबी आहे. कार्यकर्तीने बेळगावहून निघतानाच तो उतरवून घ्यावा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. गूगल ड्राइव्हची लिंक साइटवर लावून होस्टिंगचं काम भागवू नका. थोडी माणसं एकदम आली की ‘या फाइलचा कोटा संपला’ असा निरोप येतो, तोही नेमका शिबिराच्या दिवशी.

पैसे भरायचेच असतील तर दोन तऱ्हा आहेत. व्हिमिओसारखी वर्षाची वर्गणी: स्वच्छ प्लेअर, जाहिराती नाहीत, आणि व्हिडिओ फक्त आपल्याच डोमेनवर चालेल अशी अट घालता येते. २०२५ मध्ये व्हिमिओ बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने विकत घेतलं, तेव्हा मागच्या वर्षीचे दर यंदा गृहीत धरू नका. भरण्याआधी योजना पुन्हा वाचा. दुसरी तऱ्हा मोजून पैसे देण्याची. क्लाउडफ्लेअर स्ट्रीम या सेवेचा हिशेब मिनिटांवर आहे: साठवलेल्या दर १००० मिनिटांना महिन्याला ५ डॉलर, पाहिलेल्या दर १००० मिनिटांना १ डॉलर. तुमचे साठ व्हिडिओ सरासरी आठ मिनिटांचे म्हणजे ४८० मिनिटं, ५ डॉलरमध्ये बसले. महिन्याला ५००० मिनिटं पाहिली गेली तर आणखी ५. एकूण १० डॉलर, वर कर. बनी स्ट्रीम मिनिटांऐवजी जीबीवर आकारतं आणि लहान संस्थेला बहुधा त्याहून स्वस्त पडतं. फक्त मोजून पैसे देताना खर्चावर मर्यादा किंवा इशारा लावून ठेवा, नाहीतर एखादा व्हिडिओ गाजला की खजिनदाराला घाम फुटेल.

डॉलरमधल्या वर्गणीत संस्थेच्या कार्डाची अडचण येते. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापायला वेगळी परवानगी लागते, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ती बऱ्याचदा जुळत नाही. पैसे कापले जात नाहीत, इशाऱ्याचा ईमेल कुणी वाचत नाही आणि वर्गणी संपली की पानावरचा व्हिडिओही संपतो. वर्षाचे एकरकमी भरा आणि तारीख हिशेबनीसाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयाचं नाव फुकट म्हणून पुढे येतं. जुन्या चित्रणाची कायमची प्रत ठेवायला ते उत्तम, पण ऑगस्ट २०१७ मध्ये ते आपल्याकडे काही काळ अडवलेलं होतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ल्यामुळे बंद पडलं होतं. मुख्य पानाचा भार त्याच्यावर टाकू नका. पीअरट्यूब, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर यूट्यूबसारखी साइट उभी करायचं सॉफ्टवेअर, स्वतः चालवायचं तर सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा. तो नसेल तर तो विषय सोडा.

आता तिसरा ढीग. सौंदत्ती परिसरात देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या महिला, अत्याचाराच्या प्रकरणातली मुलं, एचआयव्हीबाधित कुटुंबं यांच्याबरोबर काम असेल तर त्यांची चित्रणं कुठल्याही होस्टिंगवर ‘सुरक्षित’ नसतात. डोमेनची अट असली तरी कुणीही दुसऱ्या मोबाइलने पडद्याचं चित्रण करू शकतो. मुलांच्या बाबतीत तर कायद्यानेच बंदी आहे: पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करू देत नाहीत, शाळेचं नावसुद्धा. चेहरा धूसर केला म्हणजे झालं असं समजू नका. चारशे उंबऱ्यांच्या गावात आवाज, हातावरचं गोंदण, मागचा दरवाजा, नेहमीची साडी, कशावरूनही माणूस ओळखू येतो. चेहरा झाकायचाच तर चढवण्याआधी आपल्या संगणकावर झाका, आवाज दुसऱ्याच्या तोंडून भरा. आणि शंका असेल तर तो व्हिडिओ नेटवर नको. देणगीदाराला कार्यालयात बसवून दाखवा. बाकीच्यांचीही संमती लेखी घ्या, त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत, आणि नंतर नको म्हटलं तर काढू असं त्यात लिहून.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात टाळता येत नाही. निपाणी-खानापूरकडे मराठी चालते, पण चिक्कोडी-गोकाककडच्या संघांना कन्नड हवं, आणि सरकारी कार्यालयात दाखवायचं तर कन्नडच. उपशीर्षकं एसआरटी फाइलमधून (वेळा आणि मजकूर असलेली साधी फाइल) वेगळी द्या, चित्रावर कोरू नका. एकाच व्हिडिओला मराठी आणि कन्नड दोन्ही जोडता येतात. इथे हमखास एक घोळ होतो. डीटीपीवाल्याकडून मजकूर येतो तो श्रीलिपीत किंवा जुन्या नुडी या कन्नड फाँटात टाइप केलेला. त्याच्या संगणकावर सुरेख दिसतो, यूट्यूबवर मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण ते फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतातले, नाहीत. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अॅज’ करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. एएनएसआय राहिलं तर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. बदलताना तेच आधी बिघडतात. आणि ज्या बायका वाचत नाहीत त्यांच्यासाठी उपशीर्षकांचा उपयोग नाही, तिथे कन्नड आवाज भरलेली वेगळी प्रतच करावी लागते. शीर्षकात ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ दोन्ही लिहा. २०१४ च्या नामांतरानंतर लोक दोन्ही नावांनी शोधतात. त्यावरचा वाद व्हिडिओच्या वर्णनात कशाला.

कामाची सुरुवात अशी करा. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर उतरवा, एक कार्यालयात, दुसरी दुसऱ्या गावातल्या विश्वस्ताकडे. यूट्यूबवरून परत उतरवलेली प्रत ही मूळ नव्हे. संस्था रीतसर नोंदलेली असेल तर गूगल फॉर नॉनप्रॉफिट्ससाठी अर्ज करा. मंजूर झाला की संस्थेच्या डोमेनचे ईमेल आणि १०० टीबी सामायिक जागा फुकट मिळते, त्यात तिसरी प्रत बसते. मग पहिल्या ढिगातले दहाच व्हिडिओ यूट्यूबवर चढवा आणि प्रत्येकासाठी आपल्या साइटवर वेगळं पान करा. अहवालावर, पत्रकावर क्यूआर कोड छापायचा तो त्या पानाचा, यूट्यूबचा नव्हे. उद्या व्हिडिओ दुसरीकडे हलवला तरी छापलेला कागद खोटा पडत नाही. दहा पानं तयार झाली की सर्व्हरवरचे जुने आठ व्हिडिओ लगेच पुसू नका. कुठल्या पानांवर त्यांच्या लिंक आहेत ते शोधा, बदला, आठवडाभर थांबा, मग पुसा आणि त्याच रात्री बॅकअप पूर्ण होतो का ते बघा. शेवटी कार्यालयाचं वायफाय बंद करून, संघातल्या एखाद्या ताईच्या फोनवर, तिच्या सिमवर ती दहाही पानं उघडून पाहा.